शनिवार सोडून

आमच्या बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींत त्या काळी नवीन माणसाला नाव नंतर आणि हॉस्पिटल आधी विचारत. मी ‘रेल्वेत आहे’ म्हटलं की समोरचा जरा घुटमळायचा आणि मग “मिसेस कुठे असतात?” असं विचारून सुटका करून घ्यायचा. मिसेस भूलतज्ज्ञ होत्या, त्यामुळे माझी अब्रू राहिली. तिच्या नोकरीमागोमाग मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून आलो तो स्टॅटिस्टिक्सची पदवी आणि दोन स्वेटर घेऊन. वर्षभर घरी बसून स्वयंपाकात तरबेज झालो आणि मग रेल्वेच्या टाइमटेबल ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटलो.

टाइमटेबल म्हणजे स्टेशनवर मिळणारं पुस्तक, असं प्रवाशांना वाटतं. आमच्याकडे त्याशिवाय एक जाडजूड पुस्तक असे, ते फक्त रेल्वेवाल्यांसाठी. त्यात प्रत्येक गाडीचा एक उभा रकाना, वेळा अर्ध्या मिनिटापर्यंत, आणि रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत खुणा: ही गाडी फक्त सोमवारी, ही फक्त उन्हाळ्यात, ही शनिवार सोडून. या खुणा घालणं हे माझं काम. देवळातला गुरव येईल त्याच्या कपाळी गंध लावतो तसा मी दिवसभर गाड्यांना खुणा लावत बसे. एखादी गोष्ट अशी का, म्हणून साहेबांना विचारलं तर ते म्हणत, पूर्वीपासून आहे. मला या उत्तराचा मनस्वी राग येई. पुण्यात निदान माणूस चूक का होईना, पण कारण देतो.

कारणं मिळाली ती मंगळवारी. स्टेशनच्या कँटीनवर एक लांबट खोली होती. तिथे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, काम सुटल्यावर, रेल्वे चालवणाऱ्यांचं एक मंडळ भरायचं. सिग्नलवाले, कंट्रोल रूममधले, स्टेशन मॅनेजर, आमच्यासारखे कागदवाले. एकाने अर्धा तास एखाद्या विषयावर बोलायचं, मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मग चहा. कोणी पाठवत नसे, हजेरी लागत नसे, लोक आपल्या वेळात येत. नियम एकच होता: नव्याने आलेल्याने एक प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चहा मिळायचा नाही.

हा नियम अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे उंच, काटकुळे सिग्नलमन, सगळी हयात सिग्नल बॉक्समध्ये काढलेले. सिग्नल बॉक्स म्हणजे आपल्याकडची केबिन. लोखंडी लिव्हरला घामाचा हात लागून गंज चढू नये म्हणून हे लोक फडक्याने लिव्हर धरतात. यांना ती सवय इतकी लागली होती की चहाची किटलीसुद्धा ते रुमालाने, त्याच ऐटीत धरायचे. पहिल्या मंगळवारी त्यांनी किटली माझ्या कपावर धरली आणि थांबले. मी घाईघाईने डोक्यात होता तो प्रश्न विचारला: अमुक एका छोट्या स्टेशनावर आमच्या पुस्तकात प्रत्येक गाडी चार मिनिटं थांबते, ती कशासाठी?

खोलीतले सगळे म्हातारे हसायला लागले. अध्यक्ष म्हणाले, ती पाण्यासाठी. वाफेच्या इंजिनाला तिथे पाणी भरावं लागे. वाफेची इंजिनं जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. आम्ही मात्र दरवर्षी ती चार मिनिटं नव्या पुस्तकात नेमाने उतरवत होतो. दुसऱ्या दिवशी मी ती मिनिटं काढायचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो स्वतःच्या नावाने वर पाठवला, पण गाड्या चार मिनिटं लवकर पोचायला लागल्या, याचं सुख मला कोणी हिरावून घेतलं नाही.

तेव्हापासून मी एकही मंगळवार चुकवला नाही. खरं सांगायचं तर या देशात मला ‘तुझं काय मत आहे’ असं पहिल्यांदा त्या खोलीत विचारलं गेलं. बाहेर मी डॉक्टरीणबाईंचा नवरा नाहीतर क्लार्क नंबर चार होतो. तिथे मी चार मिनिटंवाला होतो. पुढे मला मंडळाचा सेक्रेटरी केलं, तेव्हा मी लंडनमधल्या वेम्बलीच्या भारतीय दुकानातून मुद्दाम पातळ पोहे आणून चिवडा केला आणि स्टीलचा दोन खणी डबा भरून खोलीत नेला. वरच्या खणात चिवडा, खालच्यात पिवळी बटाट्याची भाजी. भाजी अध्यक्षांना इतकी आवडली की उरलेली डब्यासकट घरी नेली. पुढच्या महिन्यात डबा परत आला तो लख्ख घासलेला आणि रिकामा. मी त्यांना समजावलं, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्यांनी नियमपुस्तकातलं कलम ऐकावं तसं ते ऐकून घेतलं. त्यानंतर माझा डबा कधी रिकामा आला नाही. कधी त्यांच्या बागेतली सफरचंदं, कधी चार अंडी, एकदा नुसता पुदिना.

अशी दहाएक वर्षं सुखात गेली. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारने रेल्वे विकली आणि तिचे तुकडे झाले. रूळ एकाचे, डबे दुसऱ्याचे, मालगाड्या तिसऱ्याच्या, प्रवासी गाड्या आणखी पाच जणांच्या. काल एकाच कँटीनमध्ये जेवणारी माणसं आज वेगवेगळ्या रंगांचे बिल्ले लावून फिरू लागली. मंगळवारी येणारे कमी झाले, आणि जे येत ते बोलेनात. दुसऱ्या कंपनीच्या माणसासमोर काय बोलावं आणि काय नाही, याच्या सूचना प्रत्येकाला वरून मिळाल्या होत्या. प्रश्नोत्तरांना सगळे गप्प, आणि चहा भराभर संपायचा.

आमचं मंडळ ही देशभर पसरलेल्या एका संस्थेची शाखा होती; त्या वसंतात तिच्या लंडनच्या मध्यवर्ती समितीचं पत्र आलं. छोट्या शाखा चालू ठेवण्यात अर्थ आहे का, याचा विचार चालू आहे; तुमच्या उन्हाळी सहलीला समितीचा एक माणूस येईल; त्याच्या अहवालावर शाखा ठेवायची की बंद करायची ते ठरेल. मी ते पत्र तीनदा वाचलं. खोली गेली तर माझं या गावातलं माझं असं काय उरणार होतं?

म्हणून ती सहल मी जीव ओतून आखली. वेल्सच्या सीमेजवळ एक जुना सिग्नल बॉक्स होता, अजून हाताने लिव्हर ओढायचा. सकाळी गाडीने जायचं, सहासहाच्या तुकड्यांनी बॉक्स पाहायचा, दोन दहाची गाडी पकडून चहाच्या वेळेला घरी. माझ्या टेबलावरच्या जाड पुस्तकातून वेळा उतरवून मी सुबक कागद छापला आणि सगळ्या कंपन्यांना पाठवला. सगळ्यांना सोयीचा म्हणून वार शनिवार ठरवला.

आदल्या संध्याकाळी मी पुऱ्यांची कणीक मळत होतो. बायको हॉस्पिटलमधून आली आणि म्हणाली, “अरे, तुम्ही टी-टाइमला घरी येणार ना? मग हे कुंभमेळ्याचं कुकिंग कशाला?” मी म्हटलं, प्रवासाला डबा न घेता निघणं माझ्या रक्तात नाही. तेवढ्यात फोन वाजला. बरोबर सात वाजले होते, टीव्हीवर बातम्या संपत होत्या म्हणून लक्षात आहे. अध्यक्ष होते. उद्या ते पिवळे बटाटे आणणार आहेस का, त्यांनी विचारलं. आणणार, मी म्हटलं. “मग भरपूर आण,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. म्हातारपणी जिभेचे चोचले वाढतात, असं म्हणत मी आणखी दोन किलो बटाटे उकडायला टाकले.

सकाळी स्टेशनवर तीसेक जण जमले. लंडनचा माणूस राखाडी सूटमध्ये, हातात फाइल. अध्यक्ष आले ते मोठ्ठा थर्मास, रेनकोट आणि घडीचं स्टूल घेऊन. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, त्यामुळे आम्ही त्यांची यथेच्छ चेष्टा केली. गाडीत सगळे आपापल्या कंपनीबरोबर बसले. लग्नात मानपानावरून बिनसलेले वरपक्ष आणि वधूपक्ष बसतात तसे. बॉक्समध्येही तेच: बिल्ल्यांच्या रंगाप्रमाणे तुकड्या पडल्या, कोणी कोणाशी शब्द बोललं नाही. लंडनचा माणूस फाइलमध्ये काहीतरी लिहीत होता आणि ते काय असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पावणेदोनला आम्ही प्लॅटफॉर्मवर येऊन उभे राहिलो. त्या स्टेशनावर दोन बाकं आणि एक पत्र्याचं छप्पर, एवढाच संसार. दोन दहा झाले. दोन वीस झाले. कुत्र्याला फिरवायला निघालेली एक आजीबाई कुंपणाशी थांबली आणि आमच्या घोळक्याकडे पाहत म्हणाली, आज या वेळेला गाडी नसते, शनिवार आहे ना. मालगाडी कंपनीचे एक लठ्ठ मॅनेजर तिला समजुतीच्या स्वरात म्हणाले, बाई, आम्ही सगळे रेल्वेचेच आहोत. ती म्हणाली, असाल, पण गाडी नाही. आणि कुत्र्याला घेऊन निघून गेली.

त्या क्षणी ते पान मला डोळ्यांसमोर दिसलं. दोन दहाच्या रकान्याच्या डोक्यावर दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती, अर्थ शनिवार सोडून, आणि ती तिथे तीन वर्षांपूर्वी मीच घातली होती. शनिवारी कोणी चढत नाही म्हणून ती गाडी काढायला मीच सुचवलं होतं. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, पण मी इतर तीस पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही बरोबर घेऊन बुडालो होतो. कागद टाइमटेबलवाल्याने केलाय म्हटल्यावर कोणी स्टेशनवर टांगलेलं साधं वेळापत्रकसुद्धा पाहिलं नव्हतं. धावत बॉक्सकडे गेलो, तर ड्यूटीवरचा सिग्नलमन खिडकीतून म्हणाला, मला वाटलं तुम्ही बस मागवली असेल. पुढची गाडी पाच चाळीसला.

मी परत येऊन सगळ्यांना सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. लंडनच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि फाइल बंद केली. खोली गेली, मंडळ गेलं, असं मला स्वच्छ दिसत होतं. मान खाली घालून मी डबा आणि बरोबरची पातेली उघडली, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

अध्यक्षांनी स्टूल मांडलं. त्यांनी दोन पुऱ्या आणि भाजी शांतपणे संपवली, सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग डब्याचे दोन्ही खण मागून घेऊन रुमालाने पुसले. एक खण त्यांनी पहिल्या बाकावर पालथा घातला, दुसरा दुसऱ्या बाकावर. मग त्यांनी समजावलं, बॉक्समधले सिग्नलमन घंटेच्या टोल्यांनी एकमेकांशी बोलतात; हे बाक एक बॉक्स, ते बाक पुढचा बॉक्स, मधला प्लॅटफॉर्म म्हणजे चार मैल रूळ. पहिल्या बाकावर मालगाडीवाले मॅनेजर बसले, दुसऱ्यावर प्रवासी कंपनीतली एक तरुण मुलगी. ती कॉलेजातून थेट ऑफिसात आलेली, सिग्नल बॉक्स आयुष्यात पहिल्यांदा त्या सकाळी पाहिलेला. चमच्याने एक टोला म्हणजे ‘लक्ष आहे का’. चार टोले म्हणजे ‘एक्स्प्रेस पाठवू का’. पुढच्याने तेवढेच टोले परत वाजवले तर ‘पाठव’. गाडी निघाली की दोन. पोचली की दोन आणि एक, आणि ते ऐकल्याशिवाय दुसरी गाडी सोडायची नाही. अजून दोन त्यांनी गंमत म्हणून शिकवले: सात-पाच-पाच म्हणजे बॉक्स बंद करतोय, पाच-पाच-पाच म्हणजे बॉक्स उघडतोय.

आता गाड्या हव्या होत्या. अध्यक्षांनी लंडनच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि त्याला सांगितलं की तू कोळशाची मालगाडी. तो राखाडी सूटमधला माणूस क्षणभर गोंधळला आणि मग फाइल बाकाखाली ठेवून एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडे संथपणे चालायला लागला. दहा मिनिटांत प्लॅटफॉर्मवर पाच गाड्या फिरत होत्या. मी स्टॉपिंग ट्रेन, म्हणजे आपली पॅसेंजर होतो. स्टीलच्या डब्याचा आवाज चांगला खणखणीत, बॉक्समधला ड्यूटीवरचा सिग्नलमनही खिडकीतून बघायला लागला.

थोड्या वेळाने मालगाडीवाल्या मॅनेजरनी पुढच्या बाकाचे टोले न ऐकताच एक एक्स्प्रेस सोडून दिली आणि ती कोळशाच्या पाठीवर जाऊन आदळली. दोघं हसत होते. अध्यक्ष हसले नाहीत. ते स्टुलावरून उठले.

“तुम्ही दोघं आता मेलात,” ते शांतपणे म्हणाले आणि मॅनेजरकडे वळले. “पुढचा माणूस कोणाचा पगार घेतो, ते रुळाला कळत नाही. तुझी गाडी पोचली, असं त्याने सांगितल्याशिवाय तू दुसरी सोडायची नाहीस. आणि त्याने सांगायलाच पाहिजे. बोलणं बंद झालं की रेल्वे बंद झाली.”

मग ती मुलगी लठ्ठ मॅनेजरना म्हणाली, गुरुवारी तुमची एक मालगाडी आमच्या लोकलला दर आठवड्याला अडवते. ते म्हणाले, आम्हाला वाटायचं तुमचीच लोकल आम्हाला अडवते. दोघंही महिनोन् महिने आपापल्या साहेबांमार्फत एकमेकांना कडक पत्रं पाठवत होते. आता ते एका बाकावर बसले, मी खिशातला तोच दळभद्री कागद काढला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. मालगाडी सहा मिनिटं आधी सोडली की प्रश्न मिटत होता. त्यानंतर जो तो आपलं गाऱ्हाणं घेऊन माझ्या पेन्सिलीपुढे उभा राहिला. पाच चाळीसची गाडी आली तेव्हा आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, एवढ्यात? येताना डब्यात कोण कुठल्या कंपनीचा, ते बिल्ले वाचल्याशिवाय ओळखू येत नव्हतं.

घरी पोचलो तर दहा वर्षांची मुलगी दारातच म्हणाली, “बाबा, तुझा ट्रेन आला नाही? पण ट्रेन तर तूच बनवतो ना?” बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. पदर नव्हता, हॉस्पिटलचा कोट होता, पण भाव तोच.

अहवाल यायला जानेवारी उजाडला. सहा महिने मी त्या शनिवारावरून स्वतःला शिव्या घालत होतो. दुपार चांगली गेली हे खरं, पण समितीला दुपार दिसणार की गाडी चुकवणारा सेक्रेटरी, हे कोणी सांगावं? वार्षिक सभा पहिल्या मंगळवारी होती. अध्यक्ष वयामुळे त्याच दिवशी पद सोडणार होते. खोली कित्येक वर्षांनी भरली होती, लोक रेडिएटरवर बसले होते. लिफाफा मी उघडला आणि मोठ्याने वाचला. शाखा राहणार होती. उलट शेजारच्या दोन शाखा आमच्यात यायच्या होत्या, आणि बाकीच्या शाखांनीही ‘प्लॅटफॉर्मवरचा अभ्यास’ करून पाहावा अशी शिफारस होती.

अध्यक्षांनी माझ्याकडे डब्याचा खण मागितला. पालथा घातला, रुमालाने चमचा धरला. माणूस निवृत्त होतोय, तेव्हा सात-पाच-पाच, असंच आम्ही सगळे समजलो. त्यांनी पाच वाजवले आणि थांबले. मला वाटलं म्हाताऱ्याचं मोजणं चुकलं. मग पुन्हा पाच. मग पुन्हा पाच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती तरुण मुलगी बसली होती, तिला नुकतंच अध्यक्ष निवडलं होतं. तिने बशीवर चमच्याने पाच-पाच-पाच परत वाजवले, नियमाप्रमाणे. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत.

त्या दिवशीही उरलेली भाजी डब्यासकट अध्यक्षांनी घरी नेली. पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावर डबा होता, लख्ख घासलेला. हलवून पाहिला तर आत काहीतरी होतं. हिवाळ्यात सफरचंदं कुठली, म्हणून उघडलं. आत मागच्या उन्हाळ्याचं, प्रवाशांसाठी स्टेशनवर ठेवतात ते घडीचं वेळापत्रक होतं. एका पानाचा कोपरा दुमडलेला. दोन दहाच्या गाडीभोवती पेन्सिलीचा गोल, आणि बाजूला त्यांच्या वळणदार अक्षरात, सिग्नलमन आपल्या रजिस्टरात प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहितो तसं, लिहिलं होतं: ‘शुक्रवार. ६.५०. पाहिले.’

शनिवारी गाडी नाही हे सहा पन्नासला पाहिलं, आणि ते न सांगता सातला मला फोन करून बटाटे भरपूर आणायला सांगितले. थर्मास आठवला. स्टूल आठवलं. पहिल्यांदा मला असा संताप आला की कान तापले. सहा महिने मी स्वतःचं रक्त आटवलं होतं. मग मी हसायला लागलो, इतका की साहेबांनी काचेतून वळून पाहिलं.

फोनकडे हात गेला होता, तो मागे घेतला. सिग्नलमनला उत्तर द्यायचं ते त्याचेच टोले परत वाजवून. संध्याकाळी मी डबा पिवळ्या बटाट्यांनी गच्च भरला, वर ते वेळापत्रक ठेवलं, आणि त्यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं: ‘सोमवार. ९.२०. पाहिले.’